शंभराचे चारशे

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी गारवा, दुपारी ऊन. दुधवाला पाऊण तास उशिरा आला. अश्विनचा निळा शर्ट इस्त्रीवाल्याकडे राहिला. शेवग्याच्या शेंगा कोवळ्या मिळाल्या. संध्याकाळी रोहिणी दिंडोरीच्या पॅकहाऊसचे कागद घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. 'बाबांनी सांगितलं होतं' असे तीन वेळा म्हणाली.

तीन हा आकडा उज्वलाबाईंनी अंदाजाने लिहिला नव्हता. त्यांनी मोजला होता. मोजण्याची सवय त्यांना अकराव्या वर्षापासून होती. नाशिकरोडच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी त्यांच्या हातात पहिली डायरी दिली आणि नियम सांगितला: आधी वार आणि तारीख, मग हवा, मग जे घडले ते. जे वाटले ते लिहायचे नाही. ते देवाशी बोलावे, कागदाशी नाही. उज्वलाबाई पुढे देवाशी फारशा बोलल्या नाहीत, पण कागदाशी एकसष्ट वर्षे प्रामाणिक राहिल्या. लग्न, दोन बाळंतपणे, त्यातले एक मूल न वाचणे, सासूचे आजारपण, उपनगरच्या फ्लॅटचा ताबा, नवऱ्याचे जाणे, सगळे त्या वह्यांत होते, हवेच्या नोंदीसकट. काय वाटले ते मात्र कुठेच नव्हते. म्हणून 'तीन वेळा' एवढेच लिहून त्यांनी पेनाला टोपण लावले.

त्यांचे यजमान सावळीराम इलेक्ट्रिकचे फोरमन. आधी सातपूरच्या एका कारखान्यात आणि मग अठरा वर्षे दिंडोरीच्या त्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर. माणूस अबोल. संध्याकाळी दारात चपला निघाल्या की उज्वलाबाई विचारत, "आज काय झालं?" आणि उत्तर येई, "काय व्हायचंय?" जुन्या डायऱ्यांमध्ये 'ह्यांनी काही सांगितले नाही' हे वाक्य इतक्यांदा आले होते की पुढे पुढे त्या नुसते 'ह्यांचे नेहमीप्रमाणे' असे लिहू लागल्या. नवरा वाईट नव्हता. पगार हातात आणून देई, आजारपणात उशाशी बसे. पण दिवसातले दहा तास तो जिथे राही त्या जगाला उज्वलाबाईंच्या बाजूने दारच नव्हते. त्यांनी ते मान्य केले होते. पुरुषांच्या कामात बायकांना काय कळणार, असे सावळीराम म्हणत नसत, पण त्यांच्या गप्प बसण्यातून ते ऐकू येई.

मग नऊ वर्षांपूर्वी मुलाचे, अश्विनचे लग्न झाले आणि रोहिणी घरात आली. अश्विन नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, आणि ही बाई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सावळीरामांना तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती आणि ते दिवसभर खिडकीत बसून रिक्षा मोजत. लग्नानंतर पंधराव्या दिवशी रोहिणीने चहा पिता पिता सहज विचारले, "बाबा, तुमच्याकडे मेन इनकमर कुठला होता?"

त्या दिवसापासून सावळीराम बोलायला लागले.

बोलायला लागले म्हणजे काय, थांबेचनात. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र उलटे करून त्यावर रेघा ओढत. ही बसबार, हा फीडर, इथे ब्रेकर. रोहिणी मध्येच शंका काढी, ते हसत. हसताना त्यांचा वरचा डावीकडचा दात दिसे. तो दात तुटका आहे हे उज्वलाबाईंना माहीत होते, पण एवढा उघडा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्या पलीकडे बसून मटार सोलत. एका संध्याकाळी सोललेल्या मटारात टरफले आणि टरफलांत मटार गेले. कुणाच्या लक्षात आले नाही.

रोहिणी पुढे सुरक्षिततेच्या कामात शिरली. कारखान्यांत जायचे, विजेच्या पॅनेलपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला किती धोका आहे ते मोजायचे आणि तसे पत्रक दारावर चिकटवायचे, हे तिचे काम. सावळीरामांना त्याचा कोण अभिमान! पहिल्यांदा कामावर जाताना तिने मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली, तेव्हा उज्वलाबाई म्हणाल्या, "हे काय भलतंच? निदान मंगळसूत्र तरी राहू दे." तेव्हा सावळीराम, ज्यांनी उभ्या आयुष्यात सासू-सुनेच्या मध्ये तोंड घातले नव्हते, ते कडाडले, "काढू दे तिला! धातू आहे तो." ती वाटी तेव्हापासून फ्रिजवर असे. सावळीराम गेले त्यालाही आता तीन वर्षे झाली, वाटी तिथेच होती.

त्या मंगळवारी रोहिणीला जे काम मिळाले होते ते नेमके सावळीरामांच्याच पॅकहाऊसचे. ती दिवसभर हवेत होती. संध्याकाळी शेजारच्या मंगलाबाई विरजण मागायला आल्या आणि कागद बघून टेबलाशीच टेकल्या.

"हे काय गं नकाशे मांडलेस? घर बांधताय की काय?"

"नाही काकू, पॅकहाऊसचं पॅनेल आहे. बाबांचं. गुरुवारी जाऊन बघायचंय, माणूस किती भाजू शकतो ते."

"अगं बाई! म्हणजे शॉक ना?"

"शॉक वेगळा. शॉकसाठी तारेला हात लागावा लागतो. यात हात लागायची गरजच नाही. आत पाना पडला, उंदीर शिरला, की दोन पट्ट्यांच्या मधल्या हवेतूनच वीज पेटते. वेल्डिंगची ठिणगी पाहिलीत ना? तशी, पण कपाटभर. तांबं वितळून समोरच्याच्या अंगावर येतं."

"पण ते मोठमोठ्या टॉवरवर होत असेल."

"सगळे असंच म्हणतात, 'चारशे पंधरा व्होल्टच तर आहे'. म्हणून तर बनियनवर दार उघडून उभे राहतात."

"मग तू मोजतेस काय? थर्मामीटर लावतेस?"

रोहिणी हसली. "आधी गणित. ट्रान्सफॉर्मर किती जोर लावू शकतो, माणूस किती लांब आहे आणि वरचा ब्रेकर किती वेळात पडतो, म्हणजे वीज आपोआप किती वेळात तुटते. सगळी गंमत त्या वेळात आहे. तव्याला बोट लावून चटकन काढलं तर काही होत नाही. ठेवलं तर फोड. वेळ दुप्पट झाला की भाजणंही दुप्पट. हे तव्याचं मला बाबांनी सांगितलं होतं."

ही पहिली वेळ. उज्वलाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तवा त्यांचा होता. बोटही त्यांचेच होते. उजव्या हाताची तर्जनी, त्यावर डाग अजून आहे. पंचवीस वर्षांपूर्वी भाकरी उलटताना भाजले तेव्हा सावळीरामांनी शाईचे बोट बघावे तसे नुसते बघितले होते. आणि मग ते बोट त्यांनी सुनेला शिकवायला वापरले.

"मग या पॅनेलचं गणित काय आलं?" मंगलाबाईंना आता गोडी लागली होती.

"पाच पूर्णांक सहा कॅलरी, एका चौरस सेंटिमीटरला. सव्वा कॅलरीला कातडीवर फोड येतात. माझा सूट आठ कॅलरीचा आहे, तो पुरतो. त्यापुढे गेलं असतं तर चाळीसचा लागला असता. तो मुंबईहून भाड्याने आणावा लागतो आणि आत माणूस वाफवून निघतो. बाबांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात तो घालून माणसाला घेरी येते."

"अगं, पण एवढं आहे तर लाइट बंद करून जा की आत!"

"सीझन आहे ना काकू. द्राक्षं गार करायची यंत्रं चालू, कंटेनर दारात. मॅनेजर बंद करायला तयार नाही. मला फक्त दार उघडून ब्रेकरवरची, तो किती वेळात पडेल ते ठरवणारी चकती डोळ्यांनी बघायचीय आणि कॅमेऱ्याने दोन फोटो काढायचेत. आकडा तर ठाऊकच आहे. शंभर मिलीसेकंद."

"न बघता ठाऊक?"

"बाबांनी सांगितलं होतं. भिंतीवर त्यांच्या हातचा नकाशा आहे, त्यातही शंभरच आहे. त्या पॅनेलचं सगळं सांगितलंय त्यांनी मला. सगळं."

उज्वलाबाईंच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

मंगलाबाई विरजण घेऊन निघाल्या. दारात त्यांनी हळू आवाजात, पण रोहिणीला ऐकू जाईल इतपत, म्हटले, "भाग्यवान आहात हो. मुलगा राहिला गाड्यांच्या बिलट्यांत, पण सावळीरामभाऊंची विद्या घरातच राहिली. खरी वारस ही!"

"हो तर," उज्वलाबाई म्हणाल्या. "विरजण आंबट आहे, थोडंच घाला."

बुधवारी अश्विन आणि रोहिणी कामाला गेल्यावर त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दोन हजार नऊची डायरी काढली. तशी गरज नव्हती. ते पान त्यांना पाठ होते. पण पाठ असलेले आणि लिहिलेले यांत फरक असतो, हे त्यांना शाळेत शिकवले होते.

'गुरुवार, ५ फेब्रुवारी २००९. धुके. हे तीन दिवसांनी सकाळी दहा वाजता घरी आले. डोळे लाल. म्हणाले, सगळी यंत्रे एकदम सुरू झाली की ब्रेकर पडतो, मालकाने सगळ्यांसमोर अपमान केला. शंभराचे चारशे केले, आता पडणार नाही. नकाशात घातले नाही. सीझन संपला की परत फिरवीन. कुणाला बोलू नकोस. पोहे दोनदा घेतले.'

अडतीस वर्षांच्या अबोल्यातला हा एक सकाळचा अर्धा तास. शंभर काय आणि चारशे काय, हे उज्वलाबाईंना तेव्हा कळले नव्हते आणि त्यांनी विचारलेही नव्हते. विचारले असते तर ते गप्प झाले असते. त्यांना एवढेच कळले होते की नवऱ्याने काहीतरी करू नये ते केले आहे आणि ते फक्त आपल्याला सांगितले आहे. एखादी बाई लग्नातली नथ वर्षातून एकदा डबीतून काढून बघते, तसे त्या हे पान बघत. घालायचे कुठे नसते, पण आहे हे माहीत असते.

आता मात्र शंभर म्हणजे काय ते कळले होते. शाळेत त्यांना गणितात बक्षीस होते. वेळ चौपट, म्हणजे भाजणे चौपट. पाच पूर्णांक सहा गुणिले चार, बावीस पूर्णांक चार. आठ कॅलरीचा सूट.

ते सीझननंतर परत फिरवले असेल का? सावळीरामांनी पुढे कधी विषय काढला नाही. पण त्या वर्षानंतर ब्रेकर पडल्याचेही कधी ऐकू आले नाही, आणि उज्वलाबाई नवऱ्याला ओळखत होत्या. जे दुखत नाही त्याला हात लावणारा तो माणूस नव्हता.

सांगायला हवे होते. संध्याकाळी रोहिणी आली की चहाचा कप पुढे करून चार शब्दांत सांगता आले असते. पण मग ती म्हणेल, "दाखवा ना." डायरी हातात घेईल. ते पान वाचेल. मोबाइलवर फोटो काढेल. 'बाबांनी' म्हणून तिच्या त्या रिपोर्टात घालेल आणि नथीची डबीही तिच्याच कपाटात जाईल. उज्वलाबाईंकडे मग सावळीरामांचे राहणार काय? पोहे?

बरे, न सांगून तरी काय बिघडते? दार उघडल्याबरोबर काही ठिणगी उडत नाही. गोटीराम, सावळीरामांच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन, तेच दार शंभरदा उघडत असेल. रोहिणी उघडेल, चकतीवर चारशे बघेल आणि तिला कळेल की बाबांनी 'सगळं' सांगितलेले नाही. तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, हे उज्वलाबाईंनी दुपारभर बघितले. लसूण सोलताना बघितले, कपड्यांच्या घड्या घालताना बघितले. संध्याकाळी रोहिणी आली. चहा दिला. साखर बरोबर आहे का विचारले.

गुरुवारी आठ वाजता रोहिणी निघाली. जाताना नेहमीप्रमाणे म्हणाली, "आई, येते हं. वाटी फ्रिजवर आहे."

"दुपारी जेवायला?"

"चार वाजतील. पोळ्या झाकून ठेवा."

साडेनऊला उज्वलाबाईंनी फ्रिज पुसायला घेतला. वाटी उचलली तर जड लागली. मंगळसूत्र, चार बांगड्या, जोडवी, कानातले, नाकातली चमकी, आणि आज केसांतले आकडेसुद्धा; सहा आकडे, एकाच दिशेला लावलेले. अंगावर नायलॉन नको, ते वितळते म्हणून तिने आतल्या कपड्यांपर्यंत सगळे सुती कपडे आदल्या दिवशी काढून ठेवले होते, हेही त्यांना आठवले. एवढी नेटकी तयारी. एक आकडासुद्धा विसरला नव्हता. उज्वलाबाईंनी घरात इतके काटेकोर दुसरे कुणी पाहिले नव्हते, स्वतःला सोडून. आणि हे सगळे एका चुकीच्या आकड्यावर रचलेले. तो चुकीचा आहे हे माहीत असलेले एकच माणूस नाशिकमध्ये फडके घेऊन उभे होते.

त्यांनी फडके टाकले आणि रोहिणीला फोन लावला. बंद. पॅनेलपाशी ती मोबाइल बंद ठेवते. दुसऱ्यांदा लावला. बंद. मग चष्मा शोधला, गोटीरामचा नंबर शोधला. बोट दोनदा चुकले.

"हॅलो! वहिनी? नमस्कार वहिनी! आज कशी काय गरिबाची आठवण झाली?"

"गोटीराम, रोहिणी कुठे आहे?"

"इथंच हायेत मॅडम. सूट घालू राहिल्या. लय भारी दिसत्यात, पार चंद्रावर निघाल्यागत. साहेब पाह्यजे होते आज."

"दार उघडू नका."

"आँ?"

"पॅनेलचं दार. तिला थांबव. तो शंभरचा आकडा चुकीचा आहे."

गोटीराम हसला. "वहिनी, आकडा साहेबांचा हाय. त्यांच्या हातचा नकाशा काचेत लावेल हाय भिंतीला. दसऱ्याला पूजा करतो आम्ही त्याची, अन रोज सकाळी उदबत्ती. सोळा वर्षं झाली, त्यातला एक ठिपका कोणी हलवला नाय."

"नकाशातला नाही हलवला. ब्रेकरवरचा हलवलाय. त्यांनीच. शंभराचे चारशे केले."

पलीकडे यंत्रांचा घरघराट तेवढा ऐकू येत राहिला.

"नाय वहिनी," गोटीरामचा आवाज बदलला. "साहेब असं नाय करायचे. तुमाला कोणी भरवलं हे? माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल—"

"ज्यांनी केलं त्यांनीच सांगितलं! गोटीराम, फोन तिला दे. दे म्हणते ना!"

खडखड झाली. कसलीतरी झडप उघडल्यासारखा आवाज आला. ती सुटाच्या टोपीची काच होती.

"आई? काय झालं? अश्विन ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तू दार उघडलंस?"

"अजून नाही. हातमोजे घालत होते. काय झालं?"

उज्वलाबाईंनी सांगितले. तारखेपासून सुरुवात केली, कारण त्यांना दुसरीकडून सुरुवात करता येत नसे. पाच फेब्रुवारी दोन हजार नऊ, गुरुवार. सीझन, ब्रेकर पडणे, शंभराचे चारशे, नकाशात घातले नाही, सीझननंतर फिरवीन. पोहे सांगितले नाहीत.

पलीकडे रोहिणीने हातमोजे काढून ठेवल्याचा आवाज आला.

"मला नाही सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

"नाही."

"मी विचारलं होतं आई. आपल्या टेबलावर. चकती कितीवर आहे, म्हणून स्पष्ट विचारलं होतं. शंभर म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून." मग थांबून, "आणि तुम्हाला सांगितलं?"

'तुम्हाला' हा शब्द ती जशी म्हणाली, तो सूर उज्वलाबाईंना नवा नव्हता. नऊ वर्षे तो त्यांच्याच गळ्यात अडकून होता. सुनेच्या तोंडून तो ऐकताना त्यांना अंगभर गार, गोड असे काहीतरी वाटले, उन्हातून येऊन माठातले पाणी प्यावे तसे. त्याची लाजही वाटली, पण पाणी पिऊन झाल्यावर.

"हो," त्या म्हणाल्या. "मला."

रोहिणी चारऐवजी पाचला आली. सुटाची पिशवी तिने कोपऱ्यात ठेवली, वाटीतले सगळे एकेक करून अंगावर चढवले आणि टेबलाशी बसून पोळी-भाजी खाल्ली. मग बोलली.

"मॅनेजरला म्हटलं, आता बंद केल्याशिवाय मी हात लावणार नाही. दोन कंटेनरच्या मध्ये वीस मिनिटं दिली त्याने. वीज तोडली, कुणी चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप लावलं, तपासलं आणि मग दार उघडलं."

"मग?"

"चारशेवर आहे. वर धूळ एवढी, की वर्षानुवर्षं कुणी शिवलेलं नाही. गोटीरामदादा बघतच राहिले. आज उदबत्ती लावायची का नाही, असं मलाच विचारत होते."

"बावीस पूर्णांक चार," उज्वलाबाई म्हणाल्या.

रोहिणीने मान वर केली. "तुम्ही गणित केलंत?"

"पाच सहा गुणिले चार."

"चौपट नाही होत आई. ब्रेकरला प्रत्यक्ष उघडायला स्वतःचे पन्नास मिलीसेकंद लागतात, ते दोन्हीकडे धरायचे. दीडशेचे साडेचारशे. तिप्पट. सोळा पूर्णांक आठ."

निदान गणित तरी तिचेच बरोबर ठरायला हवे होते. उज्वलाबाई ताट उचलायला वाकल्या.

"आई," रोहिणीने ताटावर हात ठेवला. "मंगळवारी मी शंभर म्हणाले. मंगलाकाकू बसल्या होत्या. तेव्हा तुम्हाला आठवलं नव्हतं का?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होते; सुरू होत नव्हती. उज्वलाबाईंना 'नाही' म्हणता आले असते. बहात्तर वर्षांच्या बाईला विसरायचा हक्क असतो, कुणी संशय घेतला नसता. पण मग तेच रात्री डायरीत लिहावे लागले असते, किंवा न लिहिता सोडावे लागले असते, आणि ही दोन्ही कामे त्यांनी कधी केलेली नव्हती.

"आठवलं होतं," त्या म्हणाल्या.

"बुधवारी?"

"बुधवारी डायरी काढून बघितली."

रोहिणीने हात काढून घेतला. तिचे डोळे भरले नाहीत, आवाज चढला नाही. ती फक्त सासूकडे बघत राहिली, पॅनेलकडे बघत असेल तशी, किती लांब उभे राहायचे याचा हिशेब करत.

"मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. ते तुझ्याशी बोलायचे."

"एवढ्यासाठी?"

"तुला एवढंसं वाटतं, कारण तुला मिळालं." उज्वलाबाई खुर्चीवर बसल्या. "माझ्याशी अडतीस वर्षांत एकदा बोलले. तेही केलेली चूक सांगायला."

रोहिणी कितीतरी वेळ टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिली. मग तिने विचारले, आणि या वेळी तिच्या आवाजात इंजिनिअर नव्हती, "माझ्याशी खोटं का बोलले ते?"

उत्तर उज्वलाबाईंना ठाऊक होते. फोन ठेवल्यापासून दुपारभर ते त्यांच्या पुढ्यात बसले होते आणि सकाळचा सगळा गोडवा त्याने खाऊन टाकला होता.

"तुझ्यासमोर त्यांना चांगलं दिसायचं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर कसेही दिसले तरी चालायचं."

रोहिणीने फाइल पुढे ओढली. म्हणाली, "रिपोर्टला आधार लागेल. पान दाखवाल?"

"दाखवणार नाही. ओळ उतरवून देते. सही करते."

"चालेल."

उज्वलाबाईंनी कोऱ्या कागदावर गोल, सुबक अक्षरात तारीख, वार आणि ब्रेकरपुरती दोन वाक्ये उतरवली, खाली पूर्ण नाव लिहिले. रोहिणीने कागद वाचला, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला. मग उठून ओट्याकडे गेली. कुकर धुतल्याचा आवाज आला. सहाला अश्विन आला, दोघींकडे बघून म्हणाला, "काय झालं? लाइट गेले होते का?" आणि उत्तराची वाट न बघताच तो गुपचूप हातपाय धुवायला गेला.

जेवणे उरकल्यावर उज्वलाबाई डायरी घेऊन बसल्या. वार, तारीख, हवा लिहिली. दुधवाला वेळेवर. गोटीरामला फोन केला, पावणेदहा वाजता. रोहिणी पाच वाजता परत आली, सुखरूप. यापुढे जे होते ते घडलेले होते की वाटलेले, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला, पेन तसेच धरून. शेवटी लिहिले:

'मंगळवारी कळले होते. गुरुवारी सांगितले. घोटीचा नवा तांदूळ आज रोहिणीने लावला. भात गिजका झाला. नव्या तांदळाला पाणी कमी घालावे.'